गांजाच्या दुकानात सल्ला कोण देतो?

१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एकवीस वर्षांवरील कोणालाही ओळखपत्र दाखवून दुकानातून गांजा विकत घेण्याची मुभा मिळाली. आज प्रौढांसाठी गांजा कायदेशीर असलेली राज्ये २४ आहेत, आणि कॅनडाने तर १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर ही विक्री कायदेशीर केली आहे. या परवानाधारक दुकानांना तिकडे डिस्पेन्सरी म्हणतात. त्यांच्याविषयीचा वाद इतकी वर्षे एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो आहे: गांजा विकू द्यावा की नाही. बाजूने बोलणारे सरकारला मिळणारा कर आणि टळलेल्या अटका मोजतात, विरोधक व्यसने आणि अपघात मोजतात. या मोजदादीत काउंटरच्या अलीकडे उभे असलेले गिऱ्हाईक आणि पलीकडे उभा असलेला कर्मचारी दोघेही नजरेतून सुटतात. माझे म्हणणे असे आहे की, कायदेशीर विक्रीचा हा प्रयोग साधला की फसला, हे त्या दोघांमधल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात ठरते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ते बोलणे वाऱ्यावर सोडले आहे. औषधविक्रेत्याचे काम दुकानातल्या नोकराच्या गळ्यात पडले. औषधविक्रेत्याचे शिक्षण, पगार आणि संरक्षण मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. गिऱ्हाइकाला होणारा अपाय आणि कर्मचाऱ्याची होणारी परवड यांचे मूळ एकच आहे.

हे असे का झाले, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला पहिल्या सूचीत टाकले, म्हणजे ज्यांचा वैद्यकीय उपयोग मान्य नाही अशा पदार्थांच्या पंक्तीला बसवले. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये जनमत घेऊन रुग्णांसाठी गांजा खुला केला, पण केंद्राचा कायदा जागचा हलला नाही. त्यामुळे डॉक्टरला गांजाची चिठ्ठी लिहून देता येईना, फार तर शिफारस करता येई. ‘या रुग्णाला याचा उपयोग होऊ शकतो’ एवढेच त्या कागदावर. कोणता प्रकार, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काय, हे सगळे चिठ्ठीवर असते तसे तिथे नसे. ही पोकळी कोणीतरी भरणारच होते. ती दुकानाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाने भरली. त्याला तिकडे ‘बडटेंडर’ म्हणतात. पुढे राज्यांनी सर्व प्रौढांसाठी दुकाने उघडली आणि डॉक्टरच्या शिफारशीचीही गरज उरली नाही. पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी तशाच राहिल्या. झोप लागत नाही, पाठ धरली आहे, केमोथेरपीनंतर अन्न जात नाही, गुडघे दुखतात, मन सैरभैर होते. त्या घेऊन लोक दुकानात येतात, आणि या लोकांत साठी ओलांडलेल्यांची संख्या वाढते आहे.

त्यांना तिथे काय सांगितले जाते, याचा थेट पुरावा आहे. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी राज्यातल्या ४०० दुकानांना फोन लावले. फोनवरची बाई सांगे की, मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी फार मळमळते, काय घेऊ? २०१८ मध्ये स्त्रीरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात या फोनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६९ टक्के दुकानांनी तिला गांजाचे कुठले ना कुठले उत्पादन सुचवले. तिसऱ्या हिश्शाहून अधिक दुकानांनी गरोदरपणात गांजा सुरक्षित असल्याचेही सांगितले. सल्ल्यामागे बहुतेकांचा आधार होता तो स्वतःच्या मताचा. डॉक्टरांशी बोला, असे शेवटी पुष्कळांनी म्हटले. पण तिने विषय काढल्यावर. आपणहून ते सांगणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी होते. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तेव्हा गरोदर स्त्रियांनी गांजा टाळावा असेच सांगत होती. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते: रुग्णांसाठी म्हणून वेगळा परवाना असलेल्या दुकानांनी हा चुकीचा सल्ला अधिक वेळा दिला, ८३ टक्के. केवळ प्रौढांच्या हौसेसाठी विकणाऱ्या दुकानांत हे प्रमाण ६० टक्के होते. ज्या दारावर वैद्यकीय असा शब्द होता, त्या दारामागचा माणूस सल्ला देणे हे आपले कामच समजत होता.

त्या कर्मचाऱ्यांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. फोनवर एक हैराण झालेली बाई आहे, तिला मदत करावी असे कोणत्याही भल्या माणसाला वाटेल. ‘हे मला सांगता येणार नाही, तुम्ही डॉक्टरांना विचारा’ हे वाक्य त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि ते म्हटल्याबद्दल दुकानात कोणी त्याची पाठ थोपटणार नाही. २०१६ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. औपचारिक प्रशिक्षण मिळालेले त्यात ५५ टक्के निघाले, वैद्यकीय किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रशिक्षण मिळालेले फक्त २० टक्के, आणि रुग्णांना नेमका सल्ला देणारे ९४ टक्के. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आणखी काही सांगायची गरज राहत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. काउंटरमागच्या या लोकांना पदवी नसली तरी अनुभव असतो, असे सांगतात. कोणत्या फुलाचा वास कसा, कोणत्या गोळीचा अंमल किती वेळाने चढतो, पहिल्यांदा घेणाऱ्याने कुठे थांबावे, हे त्यांना बहुतेक डॉक्टरांपेक्षा चांगले माहीत असते. अनेक रुग्णांना दवाखान्यात जी आस्थेची वागणूक मिळत नाही ती इथे मिळते. गांजाविषयी विचारले की डॉक्टरच्या कपाळावर आठ्या चढतात, इथे कोणी नाक मुरडत नाही. हे सगळे मान्य. पण अनुभव उपयोगी पडायचा तर हातातला माल निदान सांगितल्याप्रमाणे असावा लागतो. तिथेच घोळ आहे. कोलोरॅडोतल्या दहा दुकानांतून घेतलेल्या २३ नमुन्यांची तपासणी करून २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारे मुख्य द्रव्य, लेबलवरच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी भरले. गिऱ्हाईक आकडा पाहून पैसे मोजते, म्हणून उत्पादक मोठा आकडा देणारी प्रयोगशाळा शोधतो, आणि कर्मचारी तोच आकडा वाचून दाखवतो. त्याचा सारा अनुभव अशा मोजपट्टीवर बेतलेला असतो जिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय काही उत्पादक दुकानातल्या कर्मचाऱ्यांना फुकट नमुने देतात, जेणेकरून त्यांच्या तोंडी आपला ब्रँड बसावा. मग तो मनापासून जे सुचवतो त्यात त्याचे मत किती आणि नमुन्याचा वाटा किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

सल्ला बरोबर असूनही तो अपुरा पडतो, याचे उदाहरण तर कोलोरॅडोत पहिल्याच वर्षी घडले. मार्च २०१४ मध्ये एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्राने आणलेली गांजाची कुकी खाल्ली. तिच्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, आणि सहा तुकडे करून एका वेळी एकच खा, असे विक्रेत्याने नीट सांगितले होते. त्याने तसेच केले. अर्धा-पाऊण तास गेला, काहीच जाणवेना, म्हणून उरलेली कुकी त्याने संपवली. पुढे त्याचे बोलणे असंबद्ध होत गेले, तो अंगावर धावून येऊ लागला, आणि पहिला तुकडा खाल्ल्यापासून साडेतीन तासांनी त्याने चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी घेतली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढच्या वर्षी या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. ओढलेला गांजा काही मिनिटांत अंमल दाखवतो, खाल्लेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. ‘एक तुकडा खा’ हे सांगितले गेले. ‘काही वाटले नाही तरी दोन तास दुसऱ्याला हात लावू नको’ हे त्या मुलापर्यंत पोहोचले नाही. कुकी विकत घेणारा मित्र २३ वर्षांचा होता, खाणारा दुकानात येण्याच्या वयाचाही नव्हता. पुढे कोलोरॅडोने नियम बदलले आणि दहा मिलिग्रॅमचा प्रत्येक वाटा वेगळा ओळखू येईल असे पदार्थ बनवायला लावले. म्हणजे तोंडी सल्ल्याचा काही भार वस्तूच्या रचनेवर टाकता येतो, हे सरकारला कळले होते. ते कळायला एक जीव जावा लागला.

आता काउंटरच्या पलीकडे जाऊ. केंद्राचा कायदा आड येत असल्याने बहुतेक बँका या धंद्याला खाते देताना कचरतात आणि व्हिसा-मास्टरकार्ड त्याचे व्यवहार घेत नाहीत. धंदा मोठ्या प्रमाणात रोखीने चालतो. बँकांना अभय देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने अनेकदा मंजूर केले, सिनेटमध्ये ते अडून राहिले. गल्ल्यातल्या त्या नोटांची राखण करायला कोण उभे असते? तोच सल्ला देणारा कर्मचारी. २०२२ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात अशा दुकानांवर सशस्त्र दरोड्यांची लाट आली आणि टॅकोमा शहरात एका दुकानाचा तरुण कर्मचारी गोळी लागून मेला. जिथे माल तयार होतो तिथली स्थिती आणखी वेगळी. त्याच वर्षी जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात गांजा दळून सिगारेटी भरणारी २७ वर्षांची कामगार दम्याने दगावली. गांजाच्या भुकटीने होणाऱ्या व्यावसायिक दम्याने झालेला अमेरिकेतला हा पहिला नोंदलेला मृत्यू. गिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी कामगारांची फुप्फुसे कशी पोखरली, हे गिरणगावाचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

याहून कमी चर्चिलेली, पण माझ्या मते मुळावर घाव घालणारी गोष्ट म्हणजे करकायदा. १९८२ मध्ये प्राप्तिकर कायद्यात आलेले २८०ई हे कलम मुळात अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाऱ्यांसाठी होते. पहिल्या किंवा दुसऱ्या सूचीतला पदार्थ विकणाऱ्याला मालाची खरेदी वजा करता येते, दुकानाचे भाडे, पगार, प्रशिक्षण यांचा खर्च मात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. राज्याने परवाना दिलेल्या दुकानालाही हे कलम लागू झाले. मालकाने कर्मचाऱ्याचा पगार वाढवला किंवा त्याला आठवडाभर शिकायला पाठवले, तर त्या खर्चावर तो नफा असल्यासारखा कर भरावा लागतो. ज्या व्यवसायात बोलणाऱ्या माणसाच्या ज्ञानाला सर्वांत जास्त किंमत हवी, तिथे कायद्याने त्याच ज्ञानाला दंड ठोठावला आहे. मग पगार कमी, म्हणून माणसे टिकत नाहीत, म्हणून शिकवण्यात कोणी पैसा घालत नाही, आणि गरोदर बाईचा फोन नव्या पोराच्या हाती येतो. केंद्राने २०२४ मध्ये गांजाला तिसऱ्या सूचीत आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचे महत्त्व नशेच्या स्वातंत्र्यापेक्षा याच हिशेबात अधिक आहे.

दारूच्या दुकानात कोण सल्ला देते, मग इथेच का, असे विचारणारे बरेच आहेत. सज्ञान माणसाने लेबल वाचावे आणि आपली जबाबदारी आपण घ्यावी, हा त्यांचा युक्तिवाद. पण दारूच्या दुकानात कोणी ‘आईचे सांधे आखडतात, तिला कोणती रम देऊ’ असे विचारत नाही, आणि दुकानदारही ब्रँडीच्या बाटल्या ‘झोपेसाठी’ आणि ‘चिंतेसाठी’ अशा फळ्यांवर मांडत नाही. गांजाची दुकाने रुग्णांच्या नावाने उघडली, त्याच नावाने वाढली, आणि आजही अनेक वस्तू झोप, शांतता, आराम या शब्दांनी विकल्या जातात. उपचाराचे वचन देऊन गिऱ्हाईक जोडायचे आणि जबाबदारीची वेळ आली की आम्ही नुसते दुकानदार म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नियम वाढले की किंमत वाढते, आणि किंमत वाढली की लोक चोरट्या बाजाराकडे वळतात. तो बाजार किती घातक असतो हे २०१९ मध्ये दिसले. ई-सिगारेटमधून टीएचसी ओढणाऱ्यांची फुप्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ मृत्यू निश्चित झाले. दोष प्रामुख्याने बेकायदा कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलाचा निघाला. दुकानेच बंद करा म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण बंदीनंतर गिऱ्हाईक तिकडेच जाणार. पण यातून सल्ल्याचे नियम सैल ठेवावेत असे निघत नाही. परवानाधारक दुकानाचा माल महागतो तो मुख्यतः राज्य, शहर, उत्पादन शुल्क अशा थरांवर थर चढणाऱ्या करांनी आणि २८०ई ने. काही तासांच्या प्रशिक्षणाने आणि काउंटरवर लावलेल्या एका लेखी मर्यादेने किंमत किती वाढेल? आणि गिऱ्हाइकाने चोरट्या विक्रेत्याकडे न जाता इथे यावे, असे वाटायला दुकानाजवळ भरवशाखेरीज दुसरे काय आहे?

हे करता येते, याचा दाखला शेजारीच आहे. कॅनडात रुग्णाला लागणारा गांजा डॉक्टरच्या कागदावर परवानाधारक उत्पादकाकडून थेट टपालाने घरी येतो, आणि रस्त्यावरचे दुकान केवळ प्रौढांच्या मर्जीच्या खरेदीसाठी असते. दोन वाटा वेगळ्या केल्यामुळे दुकानातल्या माणसावर वैद्य होण्याची सक्ती राहत नाही. ऑंटारियोत दुकानात काम करण्यापूर्वी ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि उत्पादकाकडून आमिष घेण्यास दुकानांना मनाई आहे. क्युबेकने तर विक्री सरकारी महामंडळाकडेच ठेवली, वयाची अट २०२० पासून २१ केली आणि मुलांना भुरळ घालणाऱ्या मिठाया विक्रीतून वगळल्या. क्युबेकचे सारे गोडच आहे असे नाही. २०२२ मध्ये तिथल्या अनेक दुकानांतले कर्मचारी पगारासाठी संपावर गेले होते. सरकारी छत्र असले म्हणजे खिसा भरतोच असे नाही. अमेरिकेतही वाट सापडलेली राज्ये आहेत. युटामध्ये अशी दुकाने औषधविक्रेत्यांच्या देखरेखीखाली चालतात, कनेटिकटने रुग्णांच्या दुकानात औषधविक्रेता बंधनकारक केला. प्रत्येक दुकानात पदवीधर औषधविक्रेता बसवा असे मी म्हणणार नाही, ते परवडणारही नाही. पण आजार, गरोदरपण आणि चालू औषधे यांविषयी विचारले तर कर्मचाऱ्याने काय म्हणायचे हे कायद्याने ठरवावे, त्याला त्या क्षणी फोनवर गाठता येईल असा औषधविक्रेता द्यावा, उत्पादकांचे फुकट नमुने बंद करावेत, आणि ‘सांगता येणार नाही’ म्हटल्यामुळे विक्री बुडाली तर त्याची नोकरी जाणार नाही याची हमी द्यावी. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने परवान्यासाठी कामगार संघटनांशी शांतता करार करण्याची अट घातली आहे. ही हमी त्याच करारांतून मिळवता येईल.

या प्रश्नाची एक बाजू मराठी घरांना थेट भिडते. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून सर्व प्रौढांसाठी दुकाने उघडली, आणि एडिसन, जर्सी सिटी या भागांत आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात. दारात फक्त वय पाहिले जाते. व्हिसा कोणता, ग्रीन कार्ड आहे की नाही, हे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण नागरिकत्व आणि प्रवेश यांचे कायदे केंद्राचे आहेत. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचे सेवन किंवा त्या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाला बाधक ठरू शकते. विद्यार्थ्याने किंवा एच-१बी वर आलेल्याने अधिकाऱ्यासमोर सेवनाची कबुली दिली, तर पुन्हा देशात येण्याचे दार बंद होऊ शकते. सुट्टीत घरी येताना बॅगेत राहिलेले गांजाच्या गमीचे (चघळायच्या गोळ्यांचे) पाकीट मुंबई विमानतळावर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरते, मग बिल कितीही रीतसर असो. बँकॉकहून येणाऱ्या हायड्रोपोनिक (मातीविना वाढवलेल्या) गांजाच्या जप्तीच्या बातम्या आपण हल्ली सारख्या वाचतो. त्या साखळीत बळी पडणारे बरेचसे सामान वाहून आणणारे तरुण असतात. व्हिसा, नागरिकत्व आणि विमानतळ यांविषयीची ही माहिती दुकानातल्या बडटेंडरने द्यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझे लादणे आहे. ती दाराशी ठळक अक्षरांत पाटीवर असावी, नियामकांनी तशी सक्ती करावी. आणि दर ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत करणाऱ्या तिथल्या मराठी मंडळांनी बँक खाते, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स यांच्या माहितीपत्रकात हा एक परिच्छेद घालायला कोणत्याही कायद्याची वाट पाहू नये.